‘धिस हीट’चा गोंगाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘धिस हीट’ या लंडनच्या प्रायोगिक रॉक ग्रुपवरचा माझा लेख वाचून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. ज्यांना धड वाजवता येत नव्हतं त्यांच्या गोंगाटाला मी इतिहास म्हणतो. असले लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे आवाजाचे तुकडे, आज कुणीही लॅपटॉपवर पाच मिनिटांत करतो. आणि त्यांच्या ‘ट्वेंटी फोर ट्रॅक लूप’ या रचनेतून ड्रम अँड बेस हे वेगवान तालाचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत जन्मलं, हा माझा दावा पोकळ आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ड्रम अँड बेस घडला तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला: रात्रभर चालणाऱ्या रेव्ह पार्ट्यांतून, भल्यामोठ्या स्पीकरवर रेकॉर्ड वाजवायच्या जमैकन साउंड सिस्टिमच्या परंपरेतून आणि ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी ग्रुपच्या १९६९च्या रेकॉर्डवरच्या काही सेकंदांच्या ड्रमवादनातून. ते ड्रम वाजवले ग्रेगरी कोलमनने. तो तुकडा जगभर वापरला गेला आणि कोलमनला रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही. त्या सगळ्यांचं श्रेय मी लंडनच्या तीन गोऱ्या तरुणांच्या पदरात टाकलं. १९७९च्या अल्बममधला तो लूप ऐकताना पुढच्या काळाची चाहूल लागते, एवढंच मी म्हणायला हवं होतं.

पण ‘वाजवता येत नव्हतं’ हे पटत नाही. त्या तिघांपैकी चार्ल्स हेवर्ड त्याआधी ‘क्वाएट सन’ या ग्रुपमध्ये गिटारवादक फिल मँझनेराबरोबर ड्रम वाजवत होता. चार्ल्स बुलन गिटार, क्लॅरिनेट, व्हायोला वाजवायचा. वाद्याचं शिक्षण नव्हतं ते फक्त गॅरेथ विल्यम्सला, आणि त्या दोघांनी त्याला जाणूनबुजून बरोबर घेतलं. सराईत हात जिथे आपोआप वळतात तिथे त्याचे वळत नसत. याच गॅरेथने पुढे ग्रुप सोडला आणि तो केरळात कथकली शिकायला गेला. ज्याला कष्ट नको असतात तो कथकलीच्या वाटेला जात नाही. २००१ साली तो वारला. मला त्याच्याबद्दल फार जिव्हाळा वाटतो, म्हणून तुमचं वाक्य जरा लागलं.

आता लॅपटॉप. ब्रिक्स्टनमध्ये मांस साठवायची एक बंद पडलेली शीतखोली त्यांनी स्टुडिओ केली होती. नावही ‘कोल्ड स्टोरेज’च ठेवलं. तिथे लूप म्हणजे खरोखरची टेप: ब्लेडने कापायची, टोकं चिकटपट्टीने जोडायची आणि ते कडं मशीनवर फिरत ठेवायचं. कापण्यात केसभर चूक झाली तरी ताल लंगडतो. १९७६ ते १९७८ अशी दोन-अडीच वर्षं रेकॉर्डिंग चालून पहिला अल्बम झाला. लॅपटॉपवर तो आवाज आज करता येईल, खरंय, पण काय करायचं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यांना ते टेप कापता कापता सापडत होतं.

गोंगाटाचं म्हणाल तर त्यांचा १९८१चा ‘डिसीट’ हा अल्बम ऐका. युरोपात अमेरिकेची अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं यायची होती, आणि अणुहल्ला झाला तर घरात आडोसा कसा करायचा याची पुस्तिका ब्रिटिश सरकारने १९८०मध्ये विक्रीला काढली होती. त्या भीतीत राहणाऱ्यांचा हा अल्बम आहे. त्यातल्या ‘इंडिपेंडन्स’ला तर शब्द आहेत १७७६च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे. तो कर्कश आहे, हे मान्य. गोड असता तर मला तो खोटा वाटला असता.

लेखातलं ते चुकीचं वाक्य आजच बदलतो, आणि कोलमनचं नाव तिथे घालतो.