पिनियनचा नट पिळून गळती थांबत नसते

"पिनियनमधून ऑइल गळतंय? सील बदलायचा खर्च कशाला? इम्पॅक्ट गनने नट जाम होईपर्यंत पिळा, गळती बंद!" हा मेसेज आता घरच्या ग्रुपवरही आला. पिनियन म्हणजे मागच्या ॲक्सलमध्ये इंजिनाची ताकद आत घेणारा छोटा दातेरी गिअर; तो जिथून बाहेर येतो तिथे ऑइल अडवायला रबरी सील असतं. सोबत आणखी तीन सल्ले: योक (पिनियनच्या टोकावर नटाने धरलेला, शाफ्ट जोडायचा भाग) हातोड्याने ठोकून काढा, गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट कसाही जोडा, क्रॉसला (शाफ्टच्या सांध्यातला, चार टोकांवर कप असलेला तुकडा) ग्रीस लागतच नाही. मागच्या चाकांवर चालणारी गाडी ज्याच्याकडे आहे तो हे वाचून खरंच पाना उचलतो.

आधी नट. सीलची कड टेकते योकच्या गुळगुळीत गळ्यावर. नट कितीही आवळा, ती कड तसूभरही घट्ट होत नाही. बहुतेक गाड्यांत त्या पिळण्याने चेपते ती दोन पिनियन बेअरिंगांमधली क्रश स्लीव्ह, म्हणजे चेपण्यासाठीच केलेली नळी, आणि ती चेपली की बेअरिंगांवरचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला दाब, वाढतो. हे काम किती नाजूक असतं? फोर्डच्या 8.8 इंची ॲक्सलचं वर्कशॉप मॅन्युअल वापरलेल्या बेअरिंगांसाठी पिनियन फिरवायचा टॉर्क 8 ते 14 इंच-पौंड देतं, म्हणजे जेमतेम 0.9 ते 1.6 न्यूटन-मीटर. योकवर 5 सेंटीमीटर त्रिज्येला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढली, तर काटा दोन-तीन किलोवर असताना योक फिरायला हवा. आणि इम्पॅक्ट गन मारते शेकडो न्यूटन-मीटर! बेअरिंग तापतं, निळं पडतं, डिफरेंशियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर) घोंघावतं आणि शेवटी धावत्या गाडीची मागची चाकं जाम होऊ शकतात. "जास्त झालं तर थोडा सैल करा" हेही चालत नाही. चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. तेच मॅन्युअल अशा वेळी नवी स्लीव्ह आणि नवा नट घालायला सांगतं.

आता एवढं मान्य: नट खरोखर सैल झाला असेल तर योक डुगडुगतो आणि सील खातो. काही ॲक्सलमध्ये क्रश स्लीव्हऐवजी न चेपणारा घन स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असतात. तिथे नट भरपूर आवळतातच, पण दिलेल्या टॉर्कला. फाटलेलं सील त्यानेही सांधत नाही.

सील बदलायचं तर मागची चाकं आणि ड्रम काढा, शाफ्ट सोडा, पिनियन फिरवायला लागणारा टॉर्क मोजून लिहून ठेवा. नट, पिनियन आणि योकवर एका रेषेत पंचाच्या खुणा करा. योक लांब पट्टीने धरून नट सोडा. योकच्या गळ्यावर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नवं सीलही गळणार. योक बदला किंवा त्याच्या गळ्यावर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवा. सीलच्या कडेला ऑइल, स्प्लाइनवर (योक आणि पिनियन एकमेकांत बसतात त्या खाचांवर) थोडं सीलंट, आणि नवा नट थोडा थोडा आवळत, पिनियन फिरवत, आधी लिहून ठेवलेल्या आकड्यापर्यंत. आपल्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्या.

बाकीचं थोडक्यात. हातोड्याचा मार थेट बेअरिंगांना बसतो, म्हणून योक ओढून काढणारा पुलर वापरा. शाफ्ट सोडताना केलेल्या खुणेवर खूण जुळवूनच बसवा; दोन टोकांचे योक एकमेकांशी जुळले नाहीत तर गाडी थरथरते. क्रॉसला ग्रीस भरायची निपल असेल तर चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. सीलबंद क्रॉसला ग्रीस लागत नाही, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

आणि ज्याचं त्या मेसेजमध्ये नावही नाही, तो ॲक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) सगळ्यात आधी बघा. चिखलाने बुजला की आतली गरम हवा चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलते.