पाहुण्यांना गाडी करून देऊ नका, एसटीत बसवा

आमच्या संभाजीनगरात पाहुणे येणार म्हणलं की घरात पहिली चर्चा गाडी कुणाची सांगायची याची. वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, मकबरा, पाणचक्की असं एका दिवसाचं ठरलेलं पॅकेज, ओळखीतला ठरलेला ड्रायव्हर, आणि पाहुण्यानं चुकून विचारलंच की तिकडं बस जाते का हो, तर आपण असं बघतो की बिचारा पुन्हा विचारतच नाही. माझं या बाबतीत घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, सगळ्यांशी भांडण आहे म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकते, पोस्ट लांबणार आहे, ज्याला वेळ आहे त्यानं वाचा.

बसनं फिरता येत नाही असं म्हणणारे कोण, तर बसनं न फिरणारे. फुलंब्री, कन्नड, गंगापूरहून रोज कॉलेजला येणारी पोरं, घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दाखवायला आलेले म्हातारे-म्हातारी, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, सगळे एसटीनंच येतात की. मग पाहुण्याचं काय बिघडलंय? मला विचाराल तर बस वाईट आहे हे खरं कारण नाहीच. खरं कारण हे आहे की कोणती बस कुठनं मिळते, कुठं उतरायचं, परत कशी मिळते हे कुठंच लिहिलेलं नसतं, ते सगळं लोकांच्या तोंडात असतं, आणि पाहुण्याला ते समजावून सांगण्यापेक्षा ड्रायव्हरला फोन लावणं सोपं पडतं.

अजिंठ्याचंच घ्या. शहरापासून शंभरेक किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन पाहुणा "अजिंठा" अशी पाटी शोधत बसतो. त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे की बाबा तू जळगाव नाहीतर भुसावळ गाडीत बस, सिल्लोड येईल, गोळेगाव येईल, मग अजिंठा येईल आणि तिथं उतरू नको. हो, उतरू नको. कारण ते अजिंठा गाव आहे, लेणी घाट उतरल्यावर पुढं आहेत, फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरायचं. कंडक्टरला चढतानाच "लेणीला जायचंय" असं सांगितलं की झालं, तो बरोबर आवाज देतो. ही एवढी एक ओळ माहीत नसल्यामुळं माणूस गावात उतरून कडक उन्हात इकडंतिकडं बघत उभा राहतो आणि मग परत गेल्यावर सांगतो की तुमच्याकडं बसची काय सोय नाही.

आणि गंमत सांगू का, गाडी करून गेलात तरी शेवटचे चार किलोमीटर एसटीतच बसावं लागतंय. टी पॉइंटच्या पुढं खाजगी गाड्या सोडत नाहीत, धुरानं लेण्यातल्या चित्रांना त्रास होऊ नये म्हणून. तिथनं एसटीच्या गाड्या लेण्यांच्या पायथ्यापर्यंत नेआण करतात. म्हणजे हजारो रुपये देऊन केलेली गाडी पार्किंगमध्ये उभी, ड्रायव्हर सीट मागं करून झोपलेला आणि तुम्ही शेवटी आमच्याच लाइनीत. मला तर हे बघून लई आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

वेरूळ त्यामानानं सोपं. तीसेक किलोमीटर, कन्नडकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिकडनंच जातात, वाटेत दौलताबादचा किल्ला, मग घाट, खुलताबाद, मग वेरूळ. लेणी आणि घृष्णेश्वर पायी अंतरावर. दौलताबादला रस्ताच किल्ल्याच्या तटबंदीतल्या दरवाजातनं जातो, तिथं समोरासमोर गाड्या आल्या की हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो, यादवांच्या, तुघलकाच्या काळात रुंदीकरणाचा प्रस्ताव कुणी दिला नव्हता. पण खिडकीशी बसून तो दरवाजा इतक्या जवळनं बघायला मिळतो ना की कारमधल्या माणसाला काय कळणार. फक्त श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरला आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीला पाहुण्याला बसनं पाठवू नका, त्या वेळी आपली लोकंच रात्रभर पायी चालत खुलताबादला निघालेली असतात, रस्ता त्यांचा असतो.

आणि एक गोष्ट मात्र पाठच करून घ्या, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे इतक्या वेळा सांगूनही लोकं रविवार जोडून सोमवारची सुट्टी टाकतात आणि अजिंठ्याला निघतात. त्याला बस काय अन् विमान काय.

खर्चाचं बोलायचं तर बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून, आणि ७५ च्या पुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टपासून फुकट. आमच्या सासूबाई त्यात बसतात. नणंद पुण्याहून आली होती तेव्हा मी, ती, तिची पोरगी आणि सासूबाई अशा वेरूळला गेलो, म्हणजे तीन अर्धी तिकिटं आणि एक फुकट. नंदावा घरी बसून म्हणत होते, "वहिनी, अहो बसनं कुठं, मी गाडी सांगतो ना." म्हणलं तुम्ही सांगा आणि तुम्हीच बसा. पोरीनं कंडक्टरच्या मशीनवर यूपीआयनं पैसे दिले तर सासूबाई जिल्ह्याला सांगत सुटल्या की एसटीत आता मोबाइल दाखवला की तिकीट निघतंय. कंडक्टर पण असा भला माणूस, परतीच्या गाडीचा टाइम त्यानं न विचारता सांगितला.

आता शहराच्या आतलं. इथं खरी परीक्षा आहे. जालना रोड हा आपला कणा, चिकलठाणा विमानतळ, मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक आणि मग बाबा पेट्रोल पंप, सरळ एक रेघ. त्या रेघेवर शहर बस पण मिळते आणि शेअरिंगचे ऑटो पण. २०१९ च्या जानेवारीत "माझी स्मार्ट बस" नावाची ही शहर बस सुरू झाली तेव्हा लोकं नुसते बघायला चढत होते, आणि अजूनही मी बाहेरच्या माणसाला तीच सांगते कारण तिच्यात घासाघीस नाही. पण रेघ सोडून आत जुन्या शहरात गेलात, शहागंज, सिटी चौक, भडकल गेट, तिथल्या गल्ल्या मलिक अंबरच्या काळच्या, बस वळणार कशी, तिथं ऑटोच.

ऑटोचं पण एक शास्त्र आहे बरं का. ड्रायव्हर विचारतो "स्पेशल की शेअरिंग?" आणि पाहुण्याला स्पेशल म्हणजे काहीतरी चांगलं वाटतं, तो हो म्हणतो, झालं, पूर्ण रिक्षाचे पैसे. शेअरिंग म्हणायचं. मग भरेपर्यंत थांबायचं, एक जण ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर बसणार, ते बघून घाबरायचं नाही (कायद्यात बसतं का, तर नाही बसत, आणि मला ते आवडतही नाही, पण आहे ते आहे). उतरायची जागा दुकानाच्या, पंपाच्या, हॉस्पिटलच्या नावानं सांगायची, रोडच्या नावानं सांगितली की ड्रायव्हरलाच कळत नाही. दहा-वीस रुपयांत काम होतं. आणि हिंदी-मराठी-दखनी कशातही बोला, "भाई बाजू लेना" म्हणलं की थांबतंय. हे मी लिहितेय खरं पण विचार करा, दिल्लीहून, केरळातनं आलेल्या माणसाला हे कुठं वाचायला मिळणार?

मुंबईची लोकं मला हसतात, म्हणतात तुमच्याकडं ट्रान्सपोर्टच नाही. मी त्यांना सांगते, तुमच्या गर्दीचं कौतुक मला नका सांगू, पण एका गोष्टीला मी मानते. मी तपोवन एक्सप्रेसनं दादरला उतरले की मला कुणाला विचारावं लागत नाही. इंडिकेटरवर कुठली गाडी, स्लो की फास्ट, बारा डब्यांची की पंधरा, किती मिनिटात, सगळं लिहिलेलं. बेस्टच्या बसला पुढं मराठीत आकडा, बाजूला इंग्रजीत. तिथं माणसाला बोलायला वेळ नाही पण भिंत बोलते. परभणीचं खेड्यातलं माणूस पहिल्यांदा मुंबईत जातं आणि दुसऱ्या दिवशी एकटं कुर्ल्याहून सीएसएमटीला जाऊन येतं, ते काही त्याच्या अंगात एकदम हुशारी आली म्हणून नाही.

आपल्याकडं उलटं. एसटीच्या पाट्या आणि त्याच्यावरचे आकडे देवनागरीत, आपल्याला कौतुक वाटतं आणि वाटायलाच पाहिजे, मराठी पाटी काढा असं कुणी म्हणलं तर पहिली मी भांडायला उभी राहीन. पण जपानहून, थायलंडहून बुद्धाच्या लेण्या बघायला आलेला माणूस बसस्थानकावर उभा राहून त्या पाटीकडं बघतो तेव्हा त्याला ती नक्षी दिसते, बाकी काही नाही. १९८३ ला अजिंठा-वेरूळ जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली आणि त्या लेण्यांना नेणाऱ्या गाडीवर अजून दुसऱ्या लिपीत एक छोटी पट्टी लावायला आपल्याला काय अडचण आहे मला कळत नाही.

आणि हे मराठवाड्यात जमत नाही असं तर म्हणूच नका. नांदेडला जाऊन बघा. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसनं दीड दिवस प्रवास करून आलेलं सरदारजींचं अख्खं कुटुंब, आजीला मराठी नाही, धड हिंदी नाही, तरी हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला बिनधास्त पोचतं. गुरुमुखीत पाट्या, गुरुद्वाऱ्याच्या गाड्या, स्टेशनबाहेर ऑटोवाला पंजाबीत दोन शब्द बोलतो. २००८ ला गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद मिळाल्याची, तीनशे वर्षं झाली तेव्हा जगभरातनं माणसं आली होती, शहराचा चेहरा त्या वेळी बदलला. येणाऱ्या माणसाला काय कळत नाही याचा तिथं कुणीतरी आधी विचार केलाय. बस.

लोकांना वाटतं सार्वजनिक वाहतूक ही पुण्या-मुंबईची गोष्ट, आपण मागास. अहो आपण निजामाच्या राज्यात होतो आणि निजामाच्या रेल्वेनं १९३२ ला २७ बस घेऊन सरकारी बससेवा सुरू केली, तिकडं मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली ती १९४८ ला. सिकंदराबाद-मनमाड रेल्वे १९०० ची. माझे आजोबा पूर्णेच्या जंक्शनवर गाडी बदलायच्या गोष्टी अशा सांगायचे की आम्हाला ते परदेश वाटायचं. तेव्हा सवयीचा प्रश्न नाहीये.

आता मेट्रोचं विचारू नका. शेंद्रा ते वाळूज मेट्रो, वर उड्डाणपूल, अधूनमधून पेपरात चित्र येतं, चित्रात झाडं लई छान हिरवीगार असतात. होईल तेव्हा होवो, मी विरोधात नाही. पण तोपर्यंत थांब्यावर साधा पत्र्याचा बोर्ड लावायला कुणाचा डीपीआर, म्हणजे मोठा प्रकल्प अहवाल, लागत नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात थांब्याच्या शेडवर नेत्यांच्या वाढदिवसाला जागा मिळते, बसच्या नंबरला मिळत नाही. या थांब्यावर कोणते नंबर थांबतात, कुठं जातात, पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता, एवढं मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहा. रेल्वे स्टेशनच्या बाहेर पडल्या पडल्या एक मोठा नकाशा लावा की मध्यवर्ती बसस्थानक इकडं, सिडको बसस्थानक तिकडं, जालना-परभणीकडं जायचं असेल तर सिडकोवरनं बसा. स्टेशनवरनं मध्यवर्ती दोनेक किलोमीटरवर आहे पण नवीन माणसाला ते माहीत नसतं आणि त्याच्या या माहीत नसण्यावरच बाहेर उभ्या असलेल्यांचं निम्मं मार्केट चालतं. बोर्ड लागत नाहीत त्याचं एक कारण हे पण असेल असं मला कधी कधी वाटतं, पण असो, भांडणं वाढवायची नाहीत आज.

सगळ्यांनी बसनंच जावं असंही माझं म्हणणं नाही. लहान लेकरू आहे, गुडघे गेलेत, उन्हाळ्यात मे महिना आहे, तर गाडी करा, त्यात काय कमीपणा नाही. मे महिन्यात वेरूळच्या दगडावर दुपारी मी पण जात नाही. पण चांगले धडधाकट पाहुणे, पाठीला सॅक लावलेले, त्यांना पण आपण काचा बंद करून फिरवून आणतो, मग त्यांना शहर म्हणजे चार तिकीट खिडक्या आणि एक थाळीचं हॉटेल एवढंच दिसतं. सिल्लोडच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते तेव्हा खिडकीतनं पेरू घ्यायचा, शेजारच्या मावशीनं "कुणीकडं चाललाव?" असं विचारून पाच मिनिटात सगळी सोयरीक काढायची, हे त्याला कोण दाखवणार.

उतरताना कंडक्टरला एवढंच विचारून घ्यायचं, "भाऊ, परतीची शेवटची गाडी किती वाजता?" आणि तो जो टाइम सांगेल त्याच्या आधीची गाडी धरायची. टी पॉइंटला संध्याकाळी उभं राहिलात की लांबून येणाऱ्या गाड्या कधी कधी भरून येतात, हात केला तरी थांबत नाहीत, म्हणून चारच्या सुमाराला निघालेलं बरं.

नणंद आता पुढच्या वेळी पैठण म्हणतेय, बसनंच, नंदावा पण येतो म्हणाले. म्हणलं या की, नाथसागर बघू, पैठणीचं विणकाम बघू, फक्त नाथषष्ठीच्या आठवड्यात नका येऊ. त्या दिवसात जादा गाड्या सोडतात तरी दारात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यांना खिडकीच लागते.