मालकाकडून उत्तर: त्या साडेसव्वीस तासांबद्दल

नमस्कार साहेब,

"दोन तास सांगून दोन दिवस गाडी अडकवली, सणाची नड बघून ३,९०० रुपये उकळले आणि एवढं करून घरी पोचेपर्यंत पेट्रोलचा वास होताच," असं लिहून तुम्ही आम्हाला एक स्टार दिलात.

वासाबद्दल आधी माफी मागतो. टाकी परत चढवताना वरच्या वाफेच्या बारीक नळीची क्लिप नीट बसली नव्हती. चूक आमच्याच हातची. तुमचा फोन आला तसा माझा भाचा चतुर्थीच्या सकाळी, आमच्या घरचा गणपती बसायच्या आधी, गुहागर रस्त्याला तुमच्या गावी येऊन क्लिप बसवून गेला. ते रिव्ह्यूत आलं नाही, ठीक आहे.

पण "दोन दिवस" हे मला गिळवत नाही. गाडी आली सोमवारी संध्याकाळी पाचला, तुमच्या हातात दिली मंगळवारी संध्याकाळी साडेसातला. साडेसव्वीस तास होतात, आणि त्यात एक रात्र आहे.

दोन तास मीच म्हटलं होतं, नाकारत नाही. बॉनेट उघडल्यावर इंजिनाजवळचा रबरी होज तडकलेला आणि ओला दिसला, त्या कामाचे ते दोन तास. साडेसहाला होज बदलून झाला होता. तुम्ही निघायच्या तयारीत होतात. मीच म्हटलं, पाच मिनिटं थांबा. गाडीखाली कोरडा कागद पसरला आणि इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन केली. तुमची गाडी २००४ ची, इंजेक्शनवाली. चावी ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि लाइनमध्ये दाब येतो. तीनदा केलं, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटखाली कागदावर थेंब पडला. पण गळती तिथे नव्हतीच. पेट्रोल पाईपच्या अंगाने पुढे वाहत येतं आणि जिथे उतार संपतो तिथे टपकतं. पुसत पुसत मागे गेलो तर टाकीच्या तोंडाशी, क्लॅम्पखाली, लोखंडी पाईप गंजून सुईएवढा फुटलेला. एकवीस पावसाळ्यांचा चिखल त्या क्लॅम्पमध्ये अडकला होता, वरचेवर पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही. परशुराम घाट उतरल्यावर तुम्हाला जो वास आला तो दोन्ही ठिकाणचा होता.

तुम्ही म्हणालात, पुटी लावा, वरून ट्यूब गुंडाळा, गावाला पोचू द्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला कमी दाब असतो, तिथेही मी हे केलं नसतं. इंजेक्शनच्या दाबाला पुटी टिकत नाही. पाईप कापून मध्ये साधा होज घालणारे आहेत, दीडशे रुपयांत होतं. तो होज फुगतो आणि सुटतो. खाली सायलेन्सरचा तापलेला पाईप आणि मागच्या सीटवर तुमची दोन मुलं. मी नाही म्हटलं, आजही नाहीच म्हणेन.

टाकी उतरवल्याशिवाय तो पाईप निघत नाही, आणि टाकी तुम्ही खेडला फुल करून आणली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती आमच्या खड्ड्यात साचते. रात्री दिवा लावून त्या खड्ड्यात मी माझ्या पोरांना उतरवत नाही. सकाळी पावसाची उघडीप बघून बाहेर पेट्रोल काढलं. तयार पाईप चिपळुणात मिळाला नाही, रत्नागिरीहून एसटीच्या पार्सलने मागवला. हायवेला गणपतीची गर्दी, बस साडेअकराची ती पावणेतीनला आली. तेवढा वेळ तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं, ते राहिलं. तुमचे फोन मात्र प्रत्येक वेळी उचलले.

पैशांचं म्हणाल तर साहित्य १,९५० आणि मजुरी तेवढीच. पाईप, इंजेक्शनचा होज, क्लिपा, फिल्टर आणि टाकीवरचा सील, सगळ्याची बिलं तुम्हाला दिली आहेत. सणाचा एक रुपया जास्त लावलेला नाही. सोमवारी रात्री तुमच्या घरच्यांना सामानासकट गावी सोडलं, त्याचं डिझेलही बिलात नाही. "उकळले" हा शब्द तुम्ही वापरलात, तो घरात बायकोने वाचला. त्या मंगळवारी तिचा हरतालिकेचा उपास होता आणि मी रात्री आठपर्यंत तुमच्या गाडीखाली आणि मग हिशेबात होतो.

सत्तावीस वर्षं याच रस्त्याला गॅरेज आहे. गणपती आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांवर आमचं वर्ष निघतं, तीन पोरं कामाला आहेत. हल्ली लोक स्टार बघूनच थांबतात, म्हणून एवढं लिहिलं. यापुढे अंदाज तोंडी न सांगता लिहून द्यायचं बघतो आहोत, फोनचंही काहीतरी करू.

आणखी एक, होज सगळेच बदलून घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, तुमच्या गाडीचं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही.

तुमचा जुना पाईप कागदात गुंडाळून ठेवला आहे. मुंबईला परत जाताना थांबा, भोक स्वतः बघा. गाडी परत खालून तपासून देतो, पैसे नाहीत. फक्त आधी फोन करा, विसर्जनाच्या दिवशी दुपारनंतर आम्ही बंद असतो.