हार्टलपूलच्या जहाजाला ‘आपलं’ का म्हटलं

नमस्कार,

मुंबईत बांधलेल्या आणि आता इंग्लंडात हार्टलपूलला संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या इंग्रजांच्या जुन्या युद्धनौकेवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच धारेवर धरलंत. तुमचं म्हणणं असं: इंग्रजांच्या युद्धनौकेला मी ‘आपलं जहाज’ म्हणते, म्हणजे गुलामी डोक्यातून गेलेली नाही, तिला मी ‘जगातली सर्वांत जुनी तरंगती युद्धनौका’ म्हटलं हे साफ चूक, आणि आपली जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ भंगारात निघाली तेव्हा गप्प बसलेले लोक इथे तिकीट काढून गहिवरतात.

चूक आधी कबूल करते. बॉस्टनची अमेरिकी युद्धनौका ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ची आणि तीही पाण्यातच आहे. ‘ट्रिंकोमाली’ १८१७ची, जुनेपणाचा मान तिला युरोपापुरताच. लेखात दुरुस्त केलंय.

आता ‘आपलं’. तुमच्या बाजूने तुमच्याहून जास्त मीच बोलू शकते. ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची वेगवान युद्धनौका, मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ला. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरची. पेशवाईचा शेवटचा डाव मांडला जायला चोवीस दिवस उरले होते आणि मुंबईत इंग्रजांच्या आरमारासाठी जहाज तयार झालं होतं. मुंबईतच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या दुसऱ्या इंग्रजी युद्धनौकेवर १८४२मध्ये, पहिल्या अफूयुद्धानंतर, चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. हे सगळं लेखात यायला हवं होतं. दिवसभर पोरामागे धावून रात्री अकराला लिहायला बसले होते. सबब लंगडी आहे, पण खरी आहे.

तरी शब्द काढणार नाही. माझे सासरे, अप्पा, यांचं आयुष्य चिपळूणला लाकडाच्या वखारीत गेलं. इंग्लंडात आल्यापासून कितीही किल्ले-राजवाडे दाखवले तरी “हं” याच्या पुढे गाडी गेली नव्हती. जहाजाच्या खालच्या मजल्यांवर वाकून चालावं लागतं. अप्पा वाकायचे विसरले आणि डोकं तुळईला आपटलं, एवढं लेखात होतं. पुढचं लिहायचं राहिलं. एका हाताने डोकं चोळत दुसऱ्या हाताने त्यांनी त्याच तुळईवर टकटक केलं, तळवा फिरवला, नाक लावून वास घेतला. “सागवान. मलबारी असणार.” फलकावर तेच होतं! मग तिथेच बैठक मारून नातवाची शिकवणी: ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातलं तेल त्यांना सांभाळतं, कीडही दूर ठेवतं. नेपोलियनशी लढता लढता इंग्रजांकडे ओकचा तुटवडा पडला आणि ते आपल्या सागाकडे वळले, हे मी मागून जोडलं, पण तोवर पोराचं लक्ष तोफेकडे गेलं होतं.

बांधणारे म्हणून जमशेटजी बोमनजी वाडियांचं नाव आहे. पारशी रिवाजाने जहाजाच्या कण्यात, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईत, चांदीचा खिळा ठोकला होता, तेही नोंदलेलं आहे. तासणारे, करवतणारे मात्र बिननावाचे. माझं ‘आपलं’ त्यांच्यासाठी होतं, वर फडकणाऱ्या झेंड्यासाठी नव्हे.

‘विक्रांत’बद्दल मान खाली घालते. कॉलेजात असताना तिच्या डेकवर उभी राहिले होते, चपलेतून चटके बसत होते. २०१२मध्ये ते संग्रहालय बंद झालं, २०१४मध्ये जहाज भंगारात विकलं गेलं. तेव्हा मी दोन हळहळीचे मेसेज पुढे ढकलले, बाकी काही केलं नाही. गंमत म्हणजे ‘ट्रिंकोमाली’सुद्धा १८९७मध्ये भंगारवाल्याला विकली होती. एका माणसाने ती परत विकत घेतली, म्हणून मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारं जहाज होऊन ती १९८६पर्यंत टिकली. मग हार्टलपूलला दुरुस्ती झाली, ती २००१मध्ये पुरी. त्याच वर्षी मुंबईत ‘विक्रांत’ लोकांसाठी खुली झाली होती. त्या योगायोगाचा मला अजून राग येतो.

खडकी आणि ‘कॉर्नवॉलिस’ आज रात्री लेखात घालते.

एवढं झोडपून शेवटी अप्पांच्या डोक्याची चौकशी केलीत, त्याबद्दल आभार. टेंगूळ उतरलं. मात्र परवापासून आमचं डायनिंग टेबल “हे कसलं लाकूड, भुसा आहे भुसा” म्हणून त्यांच्या रडारवर आहे.