कोल्हा काकडीला राजी, असे म्हणण्यापूर्वी

शेजाऱ्याच्या मुलाने साध्याशा नोकरीवर समाधान मानले, की ‘कोल्हा काकडीला राजी’ असे आपण अवश्य म्हणावे. ही म्हण मोठी सोयीची आहे. तिच्यात समोरचा माणूस कोल्हा ठरतो, त्याला मिळालेली वस्तू काकडी ठरते आणि बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पदरात काय पडले आहे, याची चौकशी कोणीही करीत नाही. फक्त उन्हाळ्यात तापीकाठच्या काकडीच्या वाडीकडे फिरकू नये. म्हणीवरचा विश्वास उडतो.

माझा असाच उडाला. रावेरकडच्या आमच्या नानांनी गेल्या मे महिन्यात मला सकाळीच वेलांमध्ये नेऊन कोल्ह्याचा रात्रीचा पराक्रम दाखवला. एका सरीत तीन काकड्यांची नुसती देठे उरली होती. चौथीवर मात्र दातांच्या दोन खुणा उमटवून स्वारीने ती तशीच टाकून दिली होती. नानांनी त्याच वेलाची शेजारची काकडी तोडली, चाकूने तिची चकती काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ती कडूजहर होती. “त्याला अंधारात कळलं, तुला उजेडात खाऊन कळलं,” नाना म्हणाले.

उन्हाचा ताण पडला आणि पाणी कमी मिळाले, की काकडीत कडूपणा उतरतो, आणि देठाकडे तो अधिक असतो. आपण त्यासाठी देठाची चकती कापून, मीठ लावून, फेस येईपर्यंत घासत बसतो आणि तरीही ऐन पंगतीत कोशिंबीर कडू निघते.

बिचाऱ्याला शिकार मिळाली नाही म्हणून तो काकडीवर भागवतो, अशी आपली दृढ समजूत आहे आणि ती आपण मोडू नये. कोल्हा उंदीर, किडे आणि मेलेली जनावरे खातो, तशीच बोरे, मका, ऊस आणि टरबूजही आवडीने खातो, हे शेतकऱ्याला विचारले तर कळेल. म्हणून शेतकऱ्याला विचारू नये. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, आणि भुसावळला पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना तिच्यावर ताव मारणाऱ्या प्राण्याला आपण अल्पसंतुष्ट म्हणतो. तेही भर दुपारी टपरीवर उकळता चहा फुंकत.

एवढ्यावरही शंका उरलीच, तर ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण हाताशी ठेवावी. ती इसापाच्या गोष्टीतून आलेली आहे आणि गोष्टीतला प्राणी कोल्हा नसून आपल्याकडच्या खोकडाच्या जातकुळीतला आहे, पण एवढ्या बारकाव्यात आपण शिरू नये. शेजाऱ्याच्या मुलाने नोकरी धरली तर काकडी काढावी, सोडली तर द्राक्षे. आपले बोलणे अडत नाही.

नानांनीही म्हण सोडलेली नाही. त्याच आठवड्यात व्यापाऱ्याने पडेल भावाने त्यांचा सगळा माल उचलला, तेव्हा नोटा दोनदा मोजून बंडीच्या खिशात घालताना ते ‘कोल्हा काकडीला राजी’ असे पुटपुटले. व्यापाऱ्याकडे पाहून की स्वतःला उद्देशून, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.