‘वर्ष गेलं तरी चालेल’ म्हणणाऱ्यांना

माझी भाची दुसरीत आहे. जून २०२० मध्ये तिचं नाव पहिलीत घातलं, आता डिसेंबर २०२१ उजाडला, आणि कोरोनामुळे शाळा बंद असल्याने ती अजून एकही दिवस वर्गात बसलेली नाही. १ डिसेंबरला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. बार्शी तालुक्यातल्या तिच्या गावच्या शाळेचे गुरुजी घरोघरी सांगून गेले होते. दप्तर भरून झालं होतं. आदल्या रात्री माझ्या बहिणीच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज पडला आणि पोरगी घरीच राहिली.

बहिणीने तो मला पुढे पाठवला. खाली फक्त एवढंच: ‘ताई, हे खरं आहे का?’

वर लिहिलंय ‘एका नामवंत बालरोगतज्ज्ञाचा इशारा’. तज्ज्ञाचं नाव कुठेच नाही. मुद्दे सहा आहेत. तापमान मोजायच्या गनचे किरण मुलांच्या मेंदूत जातात. मास्क लावून मुलं स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड ओढतात. संमतीपत्रावर सही केली की शाळेत गुपचूप लस टोचतात. एक दिवसाआड शाळा म्हणजे धूळफेक, विषाणू काय एक दिवसाआड येतो का? इस्राइलने शाळा उघडल्या आणि एकाच शाळेत पावणेदोनशे जण बाधित झाले. आणि शेवटी, एक वर्ष गेलं तरी चालेल, मूल जगलं तर शिकेल.

मी डॉक्टर नाही. पुण्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. म्हणून पहिल्या मुद्द्याचं उत्तर तरी मला नीट देता येतं.

त्या गनमधून कपाळात काहीही जात नाही. आपलं अंग गरम असतं, त्यामुळे त्यातून इन्फ्रारेड किरण सतत बाहेर पडत असतात. चुलीजवळ हात नेला की न शिवता धग लागते, ती याच किरणांची. गनच्या तोंडाशी असलेलं भिंग कपाळातून निघणारे किरण गोळा करतं आणि आतला सेन्सर त्यावरून तापमान सांगतो. म्हणजे किरण पोरीकडून यंत्राकडे जातात, उलट नाही. आकार पिस्तुलासारखा, चाप ओढायचा आणि नेम कपाळावर, एवढ्यावरून ही भीती पसरली आहे. गेली दीड वर्षं बँकेत, दवाखान्यात, किराणा दुकानाच्या दारात हीच गन तुमच्या-माझ्या कपाळावर रोखली जाते आहे. एक गोष्ट मात्र मान्य करते. मुलांना संसर्ग झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही, त्यामुळे गनने फारशी मुलं सापडत नाहीत. गेटवर आकडा नॉर्मल आला म्हणून बाकीच्या काळजीत ढिलाई करणाऱ्या शाळा चुकताहेत.

मास्कचं थोडक्यात. कार्बन डायऑक्साइड वायू आहे, तो कापडातून आरपार जातो. मास्क अडवतो ते थेंब, आणि ते वायूच्या कणांपेक्षा कितीतरी पट मोठे. जागतिक आरोग्य संघटना आणि आपलं केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालय, दोघांनीही या साथीत सांगितलंय की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको आणि सहा ते अकराच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली लावता येतो. पळताना, खेळताना काढायचा. घामाने ओला झाला तर बदलायचा, म्हणून दप्तरात दुसरा ठेवायचा. मला मास्कची खरी अडचण वेगळी दिसते. जे मूल अजून अक्षरांचे आवाज शिकतंय त्याला बाईंचे ओठ दिसायला हवेत. त्यावर तो मेसेज एक शब्दही बोलत नाही.

आता तिसरा मुद्दा. याचा मला खरोखर संताप आला.

आज, डिसेंबर २०२१ मध्ये हे लिहिते आहे त्या दिवशी, आपल्या देशात १८ वर्षांखालच्या मुलांचं लसीकरण सुरूच झालेलं नाही. झायकोव्ह-डी या लसीला ऑगस्टमध्ये बारा वर्षांवरच्या मुलांसाठी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, पण तीही अजून मुलांना दिली जात नाही. सात वर्षांच्या पोरीला गुपचूप टोचायला लस आहेच कुठे? मी बहिणीकडून त्या संमतीपत्राचा फोटो मागवला. वहीच्या आकाराचा झेरॉक्सचा कागद, त्यावर तीन ओळी: माझ्या पाल्याला शाळेत पाठवायला माझी संमती आहे, घरी कुणाला ताप-खोकला असल्यास पाठवणार नाही, मास्क व पाण्याची बाटली देईन. खाली सही. हा कागद पालकांच्याच बाजूचा आहे. शाळेला सक्ती करता येत नाही, नको वाटलं तर मूल घरी ठेवून ऑनलाइन शिकवण्याची मुभा आहे, हे त्या सहीमागचं कारण. आणि या एका ओळीने केवढं नुकसान केलं बघा. त्याच बचत गटातल्या दोघीजणी आता स्वतःचा दुसरा डोस घ्यायलाही जायला तयार नाहीत. म्हणे सगळं एकच आहे. ज्याने हे टाइप केलं तो त्यांच्या घरी आजारपणात डबा घेऊन येणार नाही.

इस्राइलचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर थांबायला हवं. असं घडलं होतं. मे २०२० मध्ये जेरुसलेमच्या एका मोठ्या माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले. त्या साथीचा तपशीलवार अहवाल जुलै २०२० मध्ये ‘युरोसर्व्हेलन्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मेसेज लिहिणाऱ्याने तो उघडून बघितला असता तर हा मुद्दा घातलाच नसता. शाळा पूर्ण भरल्यावर दोनच दिवसांत तिथे उष्णतेची लाट आली. सरकारने तीन दिवस मास्कमधून सूट दिली. एसी सतत चालू. एका वर्गात ३५ ते ३८ मुलं, आणि खोली ३९ ते ४९ चौरस मीटरची. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला जेमतेम सव्वा चौरस मीटर जागा. त्यानंतर आठवडा-दहा दिवसांत रुग्ण सापडायला लागले.

म्हणजे आपल्या शाळांना जे करा म्हणून सांगितलंय त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिथे नव्हती. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये ग्रामीण शाळांसाठी परिपत्रक निघालं, त्यात एका वर्गात १५ ते २० मुलं, एका बाकावर एकच, दोन बाकांत सहा फूट अंतर, असं आहे. जेरुसलेमची ती शाळा या नियमांच्या विरुद्ध पुरावा नाही. नियम मोडले तर काय होतं, त्याचा पुरावा आहे.

आणि एक दिवसाआड शाळेचं उत्तरही तिथेच मिळतं. विषाणू एक दिवसाआड येतो असं कुणीच म्हटलेलं नाही. पट चाळीसचा असेल तर सगळ्यांना सहा फुटांवर बसवायला वर्ग पुरत नाही, म्हणून वीस आज आणि वीस उद्या. एखादं मूल बाधित निघालं तर त्याच्या गटातल्या मुलांना घरी ठेवायचं, दुसरा गट शिकत राहतो. ४ ऑक्टोबरपासून मी हेच करते आहे. सोमवारचं लेक्चर मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून, त्याच उदाहरणांसह. घसा बसतो, पोर्शन मागे पडतो. पण माझ्या वर्गाच्या चारही खिडक्या उघड्या असतात आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न मला पुन्हा ऐकू येतो. भाचीच्या शाळेत तर दुसरीचा पटच अकराचा आहे. तिला एक दिवसाआडसुद्धा लागणार नाही, रोज जाता येईल.

राहिलं ‘वर्ष गेलं तरी चालेल’. एक वर्ष? शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. पोरीचं दुसरं वर्ष चालू आहे. दिवाळीत मी गावी गेले तेव्हा ती माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसली आणि घडाघडा वाचायला लागली. कमळ, बदक, मगर. मला इतका आनंद झाला. मग सहज माझा अंगठा बदकाच्या चित्रावर आला आणि ती गप्प झाली. अंगठा काढला, ‘बदक’. पुन्हा ठेवला, गप्प. ती अक्षरं वाचतच नव्हती, चित्रं सांगत होती. घरात मोबाईल एकच, तो तिच्या बाबांबरोबर सकाळी शेतात जातो. रात्री तो घरी येईपर्यंत ती पेंगलेली असते. हिला ‘चालेल’ असं कोण म्हणतंय?

बरं, घरी ठेवून मुलं संसर्गापासून वाचली का? आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, या जून-जुलैमध्ये देशभर रक्ताचे नमुने तपासले. ६ ते ९ वयाच्या मुलांत ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटात ६१.६ टक्के जणांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, सापडली. लस नव्हती, म्हणजे ती संसर्गातूनच आलेली, आणि तोवर बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळा बंदच होत्या. विषाणू त्यांना घरातच गाठून गेला. त्याच सुमारास आयसीएमआरचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी सांगितलं होतं की उघडायच्या तर आधी प्राथमिक शाळा उघडा, लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा बरा पेलतात, फक्त शिक्षक आणि बाकी कर्मचाऱ्यांची लस झालेली असू द्या. गावच्या शाळेत दोन शिक्षक आहेत. दोघांचे दोन्ही डोस झालेत, बहिणीनेच विचारून घेतलं.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘ताई, तुमच्या पुण्यातच लहान वर्ग उघडले नाहीत, मग आमचीच पोरं कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. राज्याने १ डिसेंबर जाहीर करायचं आणि ओमायक्रॉन या विषाणूच्या नव्या प्रकाराचं नाव येताच मुंबई, पुण्याने आपापल्या तारखा पुढे ढकलायच्या, यातून गावातल्या आईने काय समजायचं? गोंधळ झाला आहे, तो मी नाकारत नाही. पण पुण्यातला साठ मुलांचा, बंद काचांचा वर्ग आणि मागे-पुढे दारं असलेली, पटांगणात लिंबाचं झाड असलेली अकरा मुलांची शाळा यांना एकच तारीख लावायचं कारण नाही. म्हणून तर निर्णय स्थानिक पातळीवर ठेवलाय.

मग ती जरा थांबली आणि खरी भीती बोलली. ती त्या मेसेजमध्ये नाहीच. तिच्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, साखर आहे, आणि नात त्यांच्याच कुशीत झोपते. पोरीने शाळेतून काही आणलं तर? याला माझ्याकडे ‘काही होत नाही’ असं उत्तर नाही. होऊ शकतं. सासूबाईंचा कोविशील्डचा एकच डोस झालाय, दोन डोसमधले ८४ दिवस उलटून गेलेत, दुसरा राहिलाय. गुरुवारी उपकेंद्रात लसीकरण आहे. त्यांना घेऊन जा, असं मी सांगितलं. पुढचे दोन आठवडे नातीचं अंथरुण तुझ्याजवळ टाक. पोरगी शाळेतून आली की आधी हातपाय धुऊन कपडे बदलू दे, आणि घरात कुणाला कणकण वाटली तर त्या दिवशी शाळा नको.

ती म्हणाली, गुरुवारी नेते. संमतीपत्र फ्रीजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलंय, सही अजून केलेली नाही.