संशोधनाला चुना कसा लावावा

हल्ली तंबाखू खाणाऱ्याला सुखानं बार भरू देत नाहीत. तळहातावर चिमूट घेऊन अंगठ्यानं मळायला लागावं, तोच समोरचा "संशोधनात असं आढळलंय की..." म्हणून सुरू होतो. पूर्वी अशा माणसाला अर्धी चिमूट दिली की तो गप्प बसायचा. आता वाद घालावा लागतो. तेव्हा थोडी तयारी करून ठेवा. वाचन अजिबात लागत नाही.

सुरुवात आजोबांपासून करावी. आजोबा रोज तंबाखू खाऊन नव्वदीपार गेले, हे ठणकावून सांगा. तुमचे नसतील गेले तर शेजाऱ्यांचे घ्या, गावात असा एक तरी म्हातारा सापडतोच. जे चाळिशीत गेले ते आजोबा होईपर्यंत टिकलेच नाहीत, त्यामुळे त्यांचा दाखला कोणी देत नाही. ही फार मोठी सोय आहे.

समोरचा शिकलेला निघाला तर तो रिचर्ड डॉल यांचं नाव काढेल. या इंग्रज डॉक्टरांनी 1950 साली सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला आणि पुढं चौतीस हजारांहून जास्त ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू पन्नास वर्षं नोंदवले. निष्कर्ष काय, तर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. गडबडू नका. हे गृहस्थ स्वतः सिगारेट ओढायचे आणि स्वतःचेच आकडे पाहून त्यांनी ती सोडली. एवढ्या कच्च्या मनाच्या माणसावर विश्वास किती ठेवायचा? त्यापेक्षा रोनाल्ड फिशर यांचं नाव घ्या. संख्याशास्त्रातला अव्वल माणूस. त्यांचं म्हणणं असं, की एखाद्या आनुवंशिक गुणामुळंच माणसाला सिगारेटही आवडत असेल आणि कॅन्सरही होत असेल. फिशर पाइप ओढत आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागार होते, हा तपशील आवर्जून सांगायची गरज नाही.

यानंतर हुकमी एक्का: "हे सगळं परदेशातलं!" हा एक्का थेट संसदेत चाललेला आहे. 2015 च्या एप्रिलपासून तंबाखूच्या वेष्टनावर 85 टक्के जागेत धोक्याची सूचना छापायची होती. तेवढ्यात संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांनी सांगितलं, की तंबाखूनं कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही, सगळे अभ्यास बाहेरचे. समितीत विडीचा व्यवसाय असलेले एक खासदारही होते, म्हणजे जाणकारांची उणीव नव्हती. सूचना वर्षभर लांबली. एका वाक्यात एक वर्ष! असं यश प्रयोगशाळेत जन्म घालवणाऱ्यांनाही मिळत नाही.

आता एखादा खवचट माणूस म्हणेल, की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी आपल्याच महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडूतांची तोंडं तपासून 1972 मध्येच अहवाल छापला होता. म्हणू द्या. तो "फार जुना" आहे. नवा दाखवला तर "अजून सिद्ध व्हायचंय" म्हणा. परदेशी, जुना, अपुरा, या तीन खणांत न बसणारा अभ्यास अजून कोणी केलेला नाही.

ही विद्या तुमची-माझी नाही, उगाच श्रेय घेऊ नका. 1954 च्या जानेवारीत अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन कळवलं, की लोकांच्या आरोग्याची आम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे, आम्ही संशोधनाला मदत करू. आणि 1969 मध्ये त्यांच्यातल्याच एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात स्वच्छ लिहिलं होतं, की शंका हाच आपला माल आहे. तो माल तुम्ही टपरीवर उभं राहून फुकट वाटताय, वर पुडीचे पैसेही स्वतःच भरताय. कंपन्यांना याहून गुणी नोकर कुठं मिळणार?

घरातल्या बायकांची मिश्री या चर्चेत आणू नका. ती तंबाखू नव्हेच, दात घासायची वस्तू. तंबाखू तव्यावर भाजून केलेली असली म्हणून काय झालं? मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास 2004 मध्ये छापून आला. मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅम हलकी भरली. बाळाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, तेव्हा हा मुद्दा आपोआप मिटतो.

गुटख्याचं तर आणखी सोपं. महाराष्ट्रात 2012 पासून त्यावर बंदी आहे. म्हणजे कागदोपत्री तो मिळतच नाही, आणि जे मिळतच नाही त्यानं तोंड कसं बिघडेल? विदर्भातला खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, तर डोळ्यांदेखत पन्नीत घोटून देतात. इतकी ताजी, पारदर्शक वस्तू! त्यातली सुपारी तंबाखूशिवाय नुसती खाल्ली तरी कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सांगितलंय. पण सुपारी पूजेलाही चालते, तेव्हा विषय संपला.

आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे मात्र चुकूनही पाहू नका. दोनच गेली तर डॉक्टरकडं जावं लागतं आणि तिथं आजोबांचं नाव सांगून भागत नाही. तिखट झोंबायला लागलं तर बायकोनं मसाला जास्त घातला असं म्हणावं. जिभेवर किंवा गालात आतून पांढरा चट्टा दिसला तर चुन्यानं भाजलं असेल.

डॉल यांच्या अभ्यासातली एक गोष्ट तेवढी घरच्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. साठीत सिगारेट सोडली तरी सुमारे तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, तिशीत तर जवळपास सगळी दहा. बायकोला हे कळलं तर तुमचं वय ती लगेच या हिशेबात बसवेल. सिगारेटचं तंबाखूला लागू नाही म्हणून वाद घालता येईल, पण तोंड पूर्ण उघडत असलं तरच.

आणि 1800-11-2356 हा व्यसन सोडण्यासाठी मदत करणारा फुकटचा नंबर सरकारनं हल्ली पुडीवरच छापलाय. तेव्हा पुडी फोडताना बरोबर त्याच आकड्यांवरून फाडत जा.